दोन तास पुढचं घड्याळ

५ जानेवारी

डॉक्टर रोग्याचा कागद ठेवतो, मग मी का ठेवू नये? आजपासून म्हातारीची दैनंदिनी. म्हातारी म्हणजे आमचा कॉम्प्युटर. डबा बंद पडलेल्या साखर कारखान्यातला, स्क्रीन मेहुण्याची, पंखा मोडक्या फ्रीजमधला, बाकी सगळं माझं डोकं. सिएनफुएगोस शहरातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही यंत्र आजारी पडलं की लोक "प्रोफे, प्रोफे" करत माझ्याच दारात येतात. तंत्रशाळेत उभा जन्म रेडिओ दुरुस्ती शिकवली, म्हणून प्रोफे, म्हणजे मास्तर. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, जरा जास्त शिकलेला रेडिओ.

माझं तत्त्व एकच: यंत्र टाकायचं नाही, दुरुस्त करायचं. ओब्दुलिया म्हणते, हे तत्त्व नाही, खोड आहे. बायको आहे, म्हणणारच.

आजचं लक्षण: म्हातारीचं घड्याळ दोन तास पुढे. मिनिटं अगदी बरोबर, फक्त तास चुकलेला. निदान सोपं आहे. आतल्या पाटीवर नाण्याएवढी गोल बॅटरी असते, लाईट गेले तरी ती घड्याळ चालू ठेवते. तीच म्हातारी झाली. बॅटरीतला अशक्तपणा आधी तासांत उतरतो, मग मिनिटांत, असं दिसतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझं स्वतःचं निरीक्षण आहे.

लेकीला, मायलेनला, दाखवलं तर म्हणाली, "असू दे ना पापा, मला त्रास नाही होत त्याचा."

चुकलेल्या घड्याळाचा त्रास होत नाही म्हणे! दातांची डॉक्टर आहे पोरगी. किडलेल्या दाताचा त्रास होत नाही म्हणणाऱ्यांना ती काय सांगते, विचारायला हवं.

८ जानेवारी

बॅटरी मिळाली! गावात विकत मिळणं शक्यच नव्हतं. शेवटी समोरच्या सोराइदाच्या बहिणीकडे वजनकाटा निघाला, त्यात नेमकी तीच बॅटरी. बहीण म्हणाली, "घेऊन जा, गेल्या वर्षापासून मी त्या काट्यावर चढतच नाही." बदल्यात कुकरची नवी रबरी रिंग दिली.

ओब्दुलिया: "कुकरची रिंग दिलीस?"

मी: "जुनी आहे की आपल्याकडे."

ओब्दुलिया: "जुनी दोन ठिकाणी तुटलीय. काळा राजमा आता काय घड्याळावर शिजवू?"

बायकांना बारीकसारीक गोष्टी फार लागतात. बॅटरी बसवली, घड्याळ लावलं, झाकण बंद. सगळ्यांसाठी सूचना: झाकण उघडण्याआधी वायर काढा आणि एकदा नळाला हात लावा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. नळाला पाणी नसलं तरी चालतं.

११ जानेवारी

पुन्हा दोन तास पुढे!! नवी बॅटरी घालून!

आणि नवीन लक्षण. डॉमिनो मंडळाची सूचना टाइप करत होतो, तर एल शेजारच्या बटणातून आमचं अक्षरच येईना. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला 'न' हवा, तर खाली शेपटी असलेला 'क' येतोय. आमच्या भाषेत "उद्या" आणि "वर्ष" दोन्हींत तेच अक्षर, त्यामुळे सूचनेतला असा प्रत्येक शब्द बिघडून बसलाय. कीबोर्ड उलटा करून झटकला. पावाचे तुकडे पडले, भाषा नाही पडली.

मग डिस्क बघितली. मायलेनचा एक फोल्डर दिसला, नाव "नोवेला", म्हणजे मालिका, आणि आकार बघून मी कपाळाला हात लावला. अर्धी म्हातारी त्यानेच खाल्लेली! ब्राझीलच्या त्या रडक्या मालिका. ओस्मानी दर सोमवारी डिस्कवर आठवड्याचं पाकीट आणतो, सिनेमे, मालिका, अँटिव्हायरस, सगळं एकत्र, आणि अख्खी गल्ली त्यातून आपापलं उतरवून घेते. आता सगळं जुळलं. शेपटीवाला 'क' कुठला? ब्राझीलचा. घड्याळ कुठलं? नक्की ब्राझीलचंच. पाकिटातून ब्राझीलचा व्हायरस आलाय, मालिकेच्या अंगातून.

ओब्दुलियाला सांगितलं. ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतच राहिली. "ब्राझीलचा?" म्हणाली.

"शंकाच नको. पण घाबरू नकोस, मी आहे."

"तू आहेसच रे," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. माझं निदान बरोबर आलं की ती अशीच गप्प होते.

भाषा परत आपली केली, घड्याळ मागे घेतलं.

१५ जानेवारी

आज सोराइदाची स्क्रीन उलटी झाली. मांजर कीबोर्डवरून चालत गेलं. तिने टेबलावर डोकं ठेवून दोन दिवस तसंच काम केलं, मग मान धरली तेव्हा आठवण झाली माझी. तिच्या जिन्याने माझे गुडघे दुखतात, म्हणून आमच्या मागच्या सज्ज्यातूनच ओरडून सांगितलं, इमारतींमधल्या चौकापलीकडे.

"कंट्रोल धर! ऑल्ट धर! आता वरचा बाण!"

"कुठला वरचा? माझं सगळं उलटं आहे, वरचा म्हणजे खालचा ना?"

"बाई, स्क्रीन उलटी आहे, बटणं उलटी नाहीत!"

चौकातले सगळे खिडकीत येऊन हसत होते. शेवटी सरळ झाली. सोराइदाने तिच्या सज्ज्यातूनच मला हवेत मुका दिला. साठी ओलांडली तरी अंगात नखरा आहे बाईच्या.

आत आलो तर मायलेन हेडफोन लावून म्हातारीसमोर, आणि तिच्या शेजारी ओब्दुलिया मांडीवर ताटात राजमा निवडत बसलेली. मी येताच दोघी चूप. दोघींचे डोळे लाल. राजमा निवडताना डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून कारण शोधलं: स्क्रीनचा उजेड फार होता. अर्ध्यावर आणला. सगळ्यांसाठी सूचना: उजेड कमी ठेवा, डोळे आणि वीज दोन्ही वाचतात.

१९ जानेवारी

सोमवार, ओस्मानी पाकीट घेऊन आला. त्याचा भाऊ देश सोडून गेला म्हणे. सुरिनाम, तिथून पुढे कुठे. कॉफी पिता पिता मी त्याला सुनावलं. म्हटलं, "यंत्र बिघडलं म्हणून खिडकीतून फेकून देणारी ही जात. घर म्हणजे पण यंत्रच. लाईट जातात, रंग उडतो, पण दुरुस्त करत राहायचं असतं. माझ्या घरात कुणी जाण्याची भाषा केली तर मी त्याला दारापर्यंत पोचवायलासुद्धा उठणार नाही, सांगून ठेवतो."

ओस्मानी माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मागे मायलेन उभी होती, माझ्यासाठी साखर घेऊन. पोरगी माझी भाषणं लहानपणापासून ऐकतेय, तोंडपाठ असतील.

घरात हल्ली विचित्र प्रकार चाललेत. ओब्दुलिया स्वेटर विणतेय. इथे, सिएनफुएगोसला, जिथे जानेवारीतसुद्धा मी बनियनवर बसतो! विचारलं तर म्हणाली, "मायलेनच्या दवाखान्यात एसी फार गार असतो." म्हणजे एवढी वर्षं बंद पडलेला तो एसी शेवटी दुरुस्त झाला तर. चांगली बातमी आहे, लोक उगाच सरकारच्या नावाने बोटं मोडतात.

मायलेनने सायकल पण विकली. चालणं तब्येतीला चांगलं, असं तिचं म्हणणं. मला विचारलं असतं तर चेन बदलून दिली असती.

२४ जानेवारी

सोराइदा आली होती, आवाज येत नाही म्हणून. आवाजाचं चित्र दाबलं, चालू झाला. सगळ्यांसाठी सूचना: आधी बघा की आवाज बंद तर केलेला नाही, मग मला बोलवा.

पण सोराइदा उठेना. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "प्रोफे, तुझी कमाल आहे हं. किती शांतपणे घेतोयस."

"काय ते?"

"मी असते ना तुझ्या जागी, तर ऊर बडवून घेतला असता. एकुलती एक!"

एकच आहे हे खरं. गल्लीत बाकी कुणाकडे दोन-दोन यंत्रं आहेत, आमच्याकडे म्हातारी एकटी. मी म्हटलं, "सोराइदा, काळजी करून काय होणार? वेळ आली की काय करायचं ते माझं ठरलंय."

"ठरलंय?"

"सगळं पुसून टाकायचं आणि नव्याने सुरुवात करायची."

बाईचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहेस," म्हणाली आणि जाताना आपल्याकडच्या पेरूच्या वड्या ठेवून गेली. एका व्हायरससाठी एवढं! एवढ्यात ओब्दुलिया पाव घेऊन आली, तर तिने सोराइदाला असे डोळे वटारले की बिचारी जिन्यावरून पळालीच. बायकोला माझा अजून मत्सर वाटतो. मनात कुठेतरी बरं वाटलं.

२९ जानेवारी

उद्या मायलेनचा वाढदिवस. भेट काय द्यायची ते ठरलं: स्वच्छ, रोगमुक्त म्हातारी. घड्याळ या महिन्यात किती वेळा मागे घेतलं, मोजणं सोडून दिलं. असल्या हट्टी रोगावर आपल्याकडे एकच जालीम उपाय, सगळी गल्ली जाणते: फॉरमॅट.

मी आंधळेपणाने करणारा माणूस नाही. आधी जे मोलाचं ते बाहेर काढलं: डॉमिनो मंडळाचे निकाल, ओब्दुलियाच्या पाककृती, लग्नाचे फोटो, माझ्या सूचना. "नोवेला"ला अर्थातच हात लावला नाही, रोगाचं घरच ते. आत डोकावायचा मोहही टाळला, म्हटलं आपल्यालाही लागण व्हायची.

दुपारी दोघी बाहेर होत्या आणि लाईट होते. डिस्क पुसली, नवी विंडोज चढवली. कशी हलकी झालीय आता! घड्याळ बरोबर, अक्षर बरोबर. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळा. पापाने सगळं साफ केलं.

३० जानेवारी

मी काय केलंय ते मला कळत नाही.

मायलेनने स्क्रीन बघितली. आधी हसली. मग म्हणाली, "पापा, नोवेला कुठेय?"

"गेली. मुळासकट."

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, पण ओरडलीच नाही. "माझ्या फोनमध्ये जागा नव्हती," एवढंच म्हणाली, "सगळं इथेच होतं. मूळ कागद हवानात अडकलेत. दहा तारखेच्या आत लागणार होतं."

"कागद? अगं, मालिकेचे कसले कागद? ओस्मानी पुढच्या सोमवारी परत आणेल सगळे भाग."

यावर ओब्दुलियाने माझ्याकडे जसं बघितलं, तसं एवढ्या संसारात कधी बघितलं नव्हतं. "एलिएसेर," ती म्हणाली, "एक अक्षर बोलू नकोस." केक कुणी कापला नाही.

मला राग आलाय आणि वाईटही वाटतंय. कोणत्या मालिकेसाठी असं रडतं माणूस? दहा तारखेला शेवटचा भाग असेल. पण रडली. माझी पोरगी माझ्यामुळे जमिनीवर बसून रडली, आणि कारण मूर्खपणाचं असलं तरी रडणं खरं होतं. म्हणून ठरवलं: मालिका तर मालिका, परत आणीन.

सगळ्यांसाठी सूचना: पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. डिस्क फक्त विसरते की ते कुठे ठेवलंय. वर नवीन काही लिहिलं नाही तर परत मिळू शकतं. म्हणून आता म्हातारीला कुणीही हात लावायचा नाही.

२ फेब्रुवारी

ओस्मानीच्या पाकिटात पुसलेलं शोधणारा एक प्रोग्राम निघाला. त्याने स्वतःची रिकामी डिस्कही उसनी दिली, कारण सापडलेलं त्याच डिस्कवर परत ठेवायचं नसतं. ओस्मानी म्हणजे पैशाशिवाय बोलत नाही, पण आज घेईचना. "मायलेनसाठी आहे ना? राहू दे, प्रोफे." ही मालिका सगळ्या गल्लीत फारच आवडती दिसते.

शोध सुरू केला. चाळीस टक्क्यांवर लाईट गेले. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मग साठ टक्के, आणि पुन्हा गेले. संध्याकाळी बारा टक्क्यांवर. वीज कंपनीतल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मायलेन दवाखान्यातून आली, दारातून म्हातारीकडे बघितलं आणि आत गेली. माझ्याशी बोलत नाही असं नाही, "मीठ दे" म्हणते.

४ फेब्रुवारी

आज दिवसभर लाईट चार वेळा गेले. माझ्या नाकी नऊ आले. सज्ज्यात जाऊन मोठ्याने शिव्या घातल्या, तर पलीकडून सोराइदा म्हणाली, "थांब." थोड्या वेळाने तिच्या भाच्याला हाताशी धरून आली. दोघांनी मिळून तिच्या विजेच्या स्कूटरची बॅटरी उचलून आणलेली! त्या बॅटरीवर तिची भाजी, औषध, बहिणीकडे जाणं, सगळं चालतं. स्कूटर तिथेच खाली उभी, पोट रिकामं.

"याला इन्व्हर्टर लाव," म्हणाली, "आणि पोरीचं काम पुरं कर. मी चालत जाईन."

"सोराइदा, एका मालिकेसाठी..."

तिने ओब्दुलियाकडे बघितलं, ओब्दुलियाने भिंतीकडे. "प्रोफे," सोराइदा म्हणाली, "तू शोध, बाबा. नुसता शोध."

एवढी मोठी बॅटरी आणि एवढी चांगली बाई. तिच्या नखऱ्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

६ फेब्रुवारी

शंभर टक्के! सगळं सापडलं, निदान बरंचसं. पण एक पंचाईत आहे. वस्तू परत येतात, त्यांची नावं येत नाहीत. हजारो फाईल, सगळ्यांवर नुसते आकडे. कुठली काय आहे ते कळायला एकेक उघडायची, बघायची, नाव द्यायचं. मायलेनने "दे, मी करते" म्हटलं, पण तिला दवाखाना आहे, आणि बिघडवलं मी, तर निस्तरायला मी नको? तिला जवळपास ढकलूनच पाठवलं. दारातून दोनदा मागे वळून बघत होती.

सकाळपासून बसलोय. मालिका कुठेच नाही. एका बाईचे व्हिडिओ आहेत, फळ्यासमोर उभी राहून ब्राझीलच्या भाषेत "सुप्रभात, मला दात दुखतोय" असं म्हणते आणि थांबते, समोरच्याने म्हणावं म्हणून. मग मायलेनची पदवी, शिक्क्यासकट. हे तिने मालिकेत का ठेवलं? वेंधळी आहे. नाव दिलं: पदवी. मग जन्माचा दाखला. मग तिचा फोटो, मागे पांढरी भिंत, न हसणारा. एक खोली, तिच्या खिडकीबाहेर धुकं आणि उंच, छत्रीसारखी झाडं. नाव दिलं: खोली, थंड गावातली.

ओब्दुलियाने दोनदा कॉफी आणून ठेवली. काही विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही. बाकी उद्या बघू. डोळे दुखतायत, उजेड आधीच अर्ध्यावर आहे.

७ फेब्रुवारी

आज आवाजाच्या फाईल.

बहुतेक सगळ्यांत मायलेन ब्राझीलच्या भाषेत बोलते. माझं नाव मायलेन, मी दातांची डॉक्टर आहे, मी कष्टाळू आहे. मग तेच पुन्हा, जरा बरं. मी नाव देत गेलो: धडा एक, धडा दोन.

एक फाईल आपल्या भाषेतली निघाली. ती जशी आहे तशी लिहून ठेवतो.

मायलेन: "पापा, जरा बस. मला तुला काही सांगायचंय."

ओब्दुलिया: "आधी कॉफी दे त्याच्या हातात. हातात कप असला की हात उडवत नाही."

मायलेन: "पापा, मी जाणार आहे. कुरितिबाला काम मिळतंय..."

ओब्दुलिया: "कुरितिबा म्हणू नकोस. नुसतं ब्राझील म्हण. नाहीतर नकाशा काढून बसेल आणि मूळ गोष्ट राहील बाजूला."

मग दोघी हसल्या. ताटात राजमा पडल्याचा आवाज येतो, एकेक दाणा.

मायलेन: "पापा, मी घर टाकून जात नाहीये. तू सगळं दुरुस्त करतोस. पण माझं... ममी, मला नाही जमणार. तो म्हणेल दारापर्यंतसुद्धा येणार नाही. आणि खरंच नाही आला तर?"

ओब्दुलिया: "येईल."

मायलेन: "आणि नाही आला तर?"

यानंतर दोघी बोलत नाहीत. फाईल मात्र चालूच आहे. आणि त्या शांततेत, मागून, लांबून, एका माणसाचा आवाज ऐकू येतो. सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारा, खिदळणाऱ्या चौकासमोर ओरडणारा: "बाई, स्क्रीन उलटी आहे, बटणं उलटी नाहीत!"

मी होतो तो. सज्ज्यात. दहा पावलांवर.

पुन्हा पुन्हा ऐकली. मग ओब्दुलिया आली आणि मी पटकन आवाज बंद केला.

"सापडलं का सगळं?" तिने विचारलं.

"सापडतंय," मी म्हटलं. मला खूप रडू येत होतं. उजेड फार आहे असं सांगितलं.

८ फेब्रुवारी

काम पुरं. एकूण एक फाईलला नाव दिलं आणि सगळं पेन ड्राइव्हवर घातलं. ती एक सोडून. ती म्हातारीतच ठेवली, नवीन फोल्डर करून. फोल्डरचं नाव "नोवेला".

मायलेन आल्यावर पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. "घे तुझी मालिका. एक भागसुद्धा गेला नाही."

तिने उघडून बघितलं. "पदवी", "जन्माचा दाखला", "खोली, थंड गावातली". नावं वाचत गेली आणि मान वर करेना. मग तशीच माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर थोपटत म्हटलं, "मी काही बघितलं नाही हं, मालिका मला आवडत नाहीत. आकड्यांवरून अंदाजाने नावं दिली."

सगळ्या गल्लीला ठाऊक असताना मला एकट्याला कळत नव्हतं. आता मला कळलंय हे फक्त मला ठाऊक आहे. जाणारा माणूस विमान उडेपर्यंत बोलत नाही, बोललं की दृष्ट लागते, ही आपली रीत. मी ती नेहमी अडाणीपणा म्हणत आलो. आता मीही पाळणार.

सोराइदाची बॅटरी परत केली. वर चढून, तिच्या जिन्याने, स्वतः.

१६ फेब्रुवारी

कॉफी आधी आली. कप नीट हातात दिला गेला. मी समजून चुकलो आणि बसलो.

"पापा, मला तुला काही सांगायचंय."

फाईलमध्ये बरंच चांगलं बोलली होती. आज मध्येच अडकली, वाक्यं मागेपुढे झाली, ब्राझीलचं नाव दोनदा घेतलं. मी कप घट्ट धरून ऐकत राहिलो. मग दचकलो. दचकायचं ठरवलंच होतं, पण कॉफी सांडली ती ठरवलेली नव्हती.

"कधी?" मी विचारलं.

"मार्चच्या सुरुवातीला. पापा, तू रागावलास?"

माझ्याकडे भाषण तयार होतं. यंत्राचं, घराचं, खिडकीतून फेकण्याचं. अख्खी गल्ली ऐकून कंटाळलीय असं. पण तोंडून आलं ते वेगळंच: "स्वेटर झाला का पुरा? तिथे धुकं असतं."

मायलेन रडत होती, तिच्या लक्षात आलं नाही. पण ओब्दुलियाच्या आलं. ब्राझील म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे ऊन येतं. धुक्याबद्दल तर अजून कुणी बोललंच नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली, माझ्या पँटवरची कॉफी पुसली आणि म्हणाली, "होतोय. एक बाही राहिलीय."

४ मार्च

गेली.

दारापर्यंत गेलो. मग जिन्यापर्यंत, मग गाडीपर्यंत, मग गाडीत बसलो आणि हवानाच्या विमानतळापर्यंत गेलो. काचेच्या पलीकडे मला जाऊ देईनात, नाहीतर तिची बॅग विमानातसुद्धा मीच ठेवली असती. स्वेटर इथूनच अंगात घातलेला, घामाने निथळत होती. काढ म्हटलं तर काढेना.

९ मार्च

काल आपल्याकडची सगळी घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे झाली. ब्राझीलवाले असलं काही करत नाहीत. म्हणजे कालपर्यंत आमच्यात आणि तिच्यात दोन तास होते, आज एकच उरला. सरकारने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी केलं. ओब्दुलियाला सांगितलं, तर म्हणाली, "अजून एकदा करायला सांग."

सकाळी सोराइदा आली. तिचं घड्याळ आपोआप पुढे झालं नव्हतं, ते लावून हवं होतं. तिला कागदावर पायऱ्या लिहून देत होतो, तेवढ्यात तिची नजर म्हातारीवर गेली.

"अगंबाई! प्रोफे, लोकांची घड्याळं लावत फिरतोस आणि तुझंच चुकलंय की. तासभर पुढे आहे हे."

एल शेजारच्या बटणातूनही मी पुन्हा शेपटीवाला 'क' आणलाय, पण तो तिला दिसला नाही.

"बॅटरी गेलीय," मी म्हटलं.

सोराइदाने तोंड उघडलं. तिला बोलायला कधी कारण लागत नाही, आणि आज तर चांगलं मोठं होतं. तिने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा खुंटीवरच्या रिकाम्या हेडफोनकडे.

"हो ना," ती म्हणाली, "इथे मिळतच नाहीत त्या." आणि ओब्दुलियाजवळ कॉफी प्यायला आत गेली.